बिनजीचा फाउल

आमच्या गावच्या तलावाचा तळ हे जगातलं सगळ्यात चांगलं फुटबॉलचं मैदान आहे. शपथेवर सांगतो. शपथ कोणाची घेतली ते विचारू नका, तो माणूस अजून जिवंत आहे.

परवा एस.टी.तून उतरलो आणि घरी न जाता पिशवी खांद्यावर तशीच ठेवून तलावाच्या पाळीवर चढलो. पाणी आटत आटत मधोमध गेलेलं, एखाद्या म्हाताऱ्यानं पाय पोटाशी घेऊन झोपावं तसं. भोवती कोवळी, मऊ हिरवळ. तिला जो वास येतो तो दुसऱ्या कुठल्या गवताला येत नाही. निम्मा मासळीचा, निम्मा शिंगाड्याच्या सडलेल्या वेलींचा आणि वरून थोडासा म्हशींचा. हा वास मी पुण्यातल्या शेजाऱ्याला नुसता सांगितला तरी तो खिडकी लावून घेतो. मी मात्र पाळीवर उभा राहून छातीभर ओढला, आणि गुडघ्याला जुनी लागलेली कळ पुन्हा आली. मी लेफ्ट बॅक खेळायचो. तालुक्यात माझ्यासारखा लेफ्ट बॅक झाला नाही, असं म्हणणारा एक तरी माणूस आहे, आणि तो खोटं बोलत नाही. तो मीच.

मोहफुलं वेचून झालेली असतात आणि तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायला अजून अवकाश असतो, अशी आमच्याकडे वर्षात एक फट असते. त्या फटीत आमचा फुटबॉल. घरोघरच्या अंगणात मोह वाळत पडलेला असायचा, त्यामुळे सगळ्या गावाला गोड, जडसा वास. हातांना मोह, कपड्यांना मोह, चामड्याच्या बॉललाही मोह. दोनचार हेडर मारले की गडी झुलायला लागायचा. एकदा पलीकडच्या गावचा गोलकीपर नुसता बॉल छातीशी धरून धरून इतका रंगात आला की त्यानं आमच्या फॉरवर्डला गळामिठी मारली आणि बॉल स्वतःच्या हातानं आत ठेवला. गोल धरला गेला.

आता नियमाचं सांगतो. नियम एकच होता, बाकीचे सगळे त्याच्या मागून यायचे. मैदानात कोणीही कोणालाही बिनजीचं, म्हणजे मागे ‘जी’ न लावता, बोललं की फाउल.

तो कधी आला, कोणी आणला, ते मला माहीत नाही आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी प्रत्येकानं वेगळं सांगितलं. पण आमची बोली ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो कशासाठी होता हे सांगावं लागणार नाही. आम्ही पाणी मागितलं तरी पुण्याच्या माणसाला वाटतं भांडण चालू आहे. आमच्याकडे नरमाई म्हणून जे काही आहे ते सगळं एका अक्षरात आहे. ‘काऊन’ म्हणजे का. ‘काऊन बे’ म्हटलं की बाह्या वर सरकतात. ‘काऊन गा’ म्हटलं की मैत्री. बाईमाणसाला ‘काऊन वं’. आणि ‘काऊन जी’ म्हटलं की समोरचा बसायला चटई टाकतो. शब्द तोच, शेपूट वेगळं. सगळा जीव शेपटात.

त्यामुळे आमच्या मैदानावर जो आवाज व्हायचा तो मी पुढे कुठल्याच मैदानावर ऐकला नाही. “सोडा जी बॉल.” “या जी इकडे, मोकळा आहो मी.” “पाय काढा जी, माह्या पायावर आहे.” गडी आधी आडवा पाडायचा आणि वरून वाकून विचारायचा, “लागलं का जी?” पडलेला मातीतूनच सांगायचा, “बहुत लागलं जी. पुढच्या बारीले पाहून घेतो तुमाले.” माझा थोरला भाऊ पतिराम, आमचा नऊ नंबर, त्याच्या लाथेचा बॉल एकदा पाळीवरून गेला तो थेट नागझिऱ्याच्या जंगलात. वाघ त्यावर हनुवटी ठेवून झोपलेला. गाइडनं लांबूनच हात जोडले, “देता का जी?” वाघानं दिला. ‘बे’ म्हटला असता तर तो गाइड गेला असता आणि बॉलही.

पंच होते सदारामजी. हिवाळाभर गावोगावच्या नाटकांत राजा व्हायचे आणि उन्हाळ्यात आमचे पंच. शिटी असून वाजवायचे नाहीत, कारण त्यांचा आवाज शिटीपेक्षा लांब जायचा. बिनजीचा फाउल झाला की ते हात वर करून दरबार भरल्यासारखे उभे राहायचे. मग शिक्षा. जो बिनजीचं बोलला त्यानं मैदानाच्या कडेच्या रांजणातून लोटाभर पाणी आणायचं, ज्याला बोलला त्याच्यासमोर दोन्ही हातांनी धरायचं आणि म्हणायचं, “पानी घ्या जी.” समोरच्यानं एक घोट घेतला की मग फ्री किक. तो घोट घेईपर्यंत सगळा खेळ थांबलेला. त्या शांततेत पाळीपलीकडच्या टिटवीचा आवाज यायचा. मला त्या शांतता गोलांपेक्षा जास्त आठवतात.

तर अशा आमच्या फुटबॉलवर एक वर्षी टीव्ही आला.

घरोघर केबल नुकती लागली होती. गोंदियाचा एक केबलवाला, त्याला सगळे भैया म्हणायचे, आपल्या चॅनलवर तालुक्यातलं काहीबाही दाखवायचा. लग्नं, उद्घाटनं, हरवलेल्या म्हशी. आमच्या फायनलची खबर त्याला लागली आणि तो कॅमेरा, भोंगा, जनरेटर आणि दोन मेज घेऊन आला. मॅच आज खेळायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर दिसायची. गावात त्या दिवशी इतक्या दाढ्या झाल्या की न्हाव्याचा वस्तरा बोथट होऊन त्याचा चमचा झाला.

भैयाला कॉमेंट्रीसाठी माणूस हवा होता. ठरलेला माणूस आदल्या दिवशी कैऱ्या खाऊन घसा बसवून आला. तेव्हा कोणीतरी गोपिकावहिनीचं नाव घेतलं. वहिनी म्हणजे पतिरामदादाची बायको, चिचगडकडची, घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. तिच्या आवाजाबद्दल मी अतिशयोक्ती करणार नाही. ती स्वयंपाकघरातून हळू बोलली तरी ओसरीवरच्या माणसाला वाटायचं, आपल्याच कानाशी कोणी नीट बसून सांगतंय. प्रत्येक शब्द धुतलेल्या तांदळासारखा वेगळा.

भैयानं तिला दोन वाक्यं बोलायला लावली आणि डोकं खाजवत म्हणाला, “भाभीजी, मॅच अच्छे से निकाल दो, तो रोज शाम की खबरें आपही पढ़ना. मुझे गोंदिया में ऐसी आवाज नहीं मिल रही.”

वहिनीनं ऐकलं आणि तिचे डोळे जे मोठे झाले ते मी पाहिले. रोज बातम्या. टीव्हीवर. लग्नाआधी ती गावच्या भोंग्यावरून सूचना सांगायची, तेवढंच तिचं सुख होतं, असं तिनंच एकदा मला सांगितलं होतं.

पण परवानगी बाबांची. आमचे बाबा पाळीवर चटईवर बसलेले. ते तंबाखू चोळत म्हणाले, “मॅचपुरतं बोल म्हना. बाकीचं मंग पाहू.” सुनेशी ते सरळ बोलत नसत. हवेत बोलायचे, ते तिनं हवेतून उचलायचं.

भैयानं जाताजाता अट सांगितली. “जिसके पास बॉल, उसका नाम. बिना नाम के टीव्ही पे कोई नहीं देखता.”

आणि इथंच सगळं अडलं. नऊ नंबर तिचा नवरा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. त्यात आईबापानं त्याचं नाव असं ठेवलेलं की तो लग्नाआधीपासूनच पती होता. आणि पाळीवर सासरा बसलेला.

जनरेटरच्या डिझेलचा धूर आणि मोहाचा वास एकत्र झाला, सदारामजींनी हात वर केला आणि फायनल सुरू झाली. समोर चिचगडकडची टीम, म्हणजे वहिनीचं माहेर. त्यात तिचा सख्खा भाऊ. पहिलं बक्षीस बोकड, तो पाळीखाली बांधलेला आणि त्याला मॅचमध्ये काडीचा रस नाही.

कॉमेंट्रीचं मेज माझ्याच बाजूला होतं. वायर तोकडी पडली म्हणून भैयानं ते पुढे ओढून मांडलं होतं, इतकं की खुर्ची चुन्याच्या रेषेच्या आत आली. मला वहिनीचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. सगळ्यांची नावं खणखणीत. माझंही घेतलं तिनं, “देवर” न म्हणता, आणि मी त्या आनंदात एक सोपा बॉल सोडला. पण बॉल दादाकडे गेला की आवाज पायरी चुकल्यासारखा व्हायचा. “आता बॉल... आमच्या घरच्यांकडे.”

भैया हळूच ओरडला, “किसके घर के?”

“आमच्याच.”

“अरे भाभीजी, टीव्ही वाले को क्या मालूम?”

मग तिनं “नऊ नंबर” धरलं. पाळीवरच्या बाया पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, “उखाना घेऊन सांग वं, चालते तसं.” दुसरी म्हणाली, “उखाना होवाच्या आंदी गोल होऊन जाईल ना.”

आणि झालाच. चिचगडनं आधी एक मारला होता, दादानं तो फेडला. असा फेडला की जाळी म्हणून बांधलेलं मासळीचं जाळं फाटून बॉल मागच्या चिखलात रुतला. पाळ उठून उभी राहिली. वहिनीचा आवाज भोंग्यातून सगळ्या तलावावर पसरला, “गोल. बरोबरी. गोल करणारे... नऊ नंबर.”

दादाचं तोंड उतरलं. त्याचं मला तेव्हा हसू आलं, आता येत नाही. गावातल्या प्रत्येकाचं नाव टीव्हीत जाणार होतं. माझ्यासारख्याचंही. आणि ज्यानं गोल मारला त्याचा नुसता नंबर, एस.टी.च्या फलाटासारखा.

थोड्या वेळानं आमच्या गोलजवळ, मेजाजवळून थ्रो घ्यायला दादा आला. बॉल डोक्यावर धरला आणि मान वळवून दातांतून म्हणाला, “काऊन वं, नाव घ्याले लाज वाट्टे का माहं? बोल ना वं.”

सदारामजी लांब होते. त्यांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. वहिनीलाही गेलं.

भोंग्यातून नुसती खरखर आली. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं एकदा पाळीकडे पाहिलं, बाबांच्या चटईकडे. मग पदर नीट केला आणि बातम्या वाचाव्यात तशा आवाजात सांगितलं, “मैदानात बिनजीचा फाउल झाला आहे. पंचांनी लक्ष द्यावे जी.”

सदारामजी धावत आले. “कोनं केला? कोनाले?”

“नऊ नंबरनं,” वहिनी म्हणाली. “मले.”

मग जो गोंधळ झाला तसा गोंधळ कौरवांच्या दरबारातही झाला नसेल, आणि तोही सगळा जी लावून. आमचा कॅप्टन म्हणाला, “पन बायकोले जी कोन म्हन्ते जी?” चिचगडचा कॅप्टन म्हणाला, “मैदानात म्हना लागते जी.” आमचा म्हणाला, “ते खेळाडू नाही जी.” पाळीवरून एक आवाज आला, “माहेराले जितवून राहिली ते.” हा आवाज मैदानाबाहेरचा, त्याला जी नव्हता. वहिनीनं तो ऐकला. तिनं माईक खाली ठेवला नाही.

दादा म्हणाला, “सदारामजी, घरातली गोष्ट आहे जी हे.”

सदारामजी वाकले. चुन्याच्या रेषेवर बोट फिरवत मेजापर्यंत गेले. मेजाचे चारही पाय आत. खुर्चीही पूर्ण आत. ते उभे राहिले, आणि मी त्यांना कितीतरी नाटकांत राजा झालेलं पाहिलं होतं, पण मुकुट नसताना इतके राजासारखे कधी नाही.

“नियम काय आहे जी?” त्यांनी सगळ्यांना विचारलं. “कोनीही, कोनालेही. बरोबर का जी?”

“बरोबर जी.”

“मंग मले एक सांगा. बायको म्हंजे ‘कोनी’ नोहे का जी?”

कोणी बोललं नाही. टिटवीसुद्धा नाही, आणि तिला तर नियमाशी काही देणंघेणं नव्हतं.

दादा उभा राहिला तसाच. मग रांजणाकडे चालायला लागला. ते अंतर मी रोज धावायचो, त्या दिवशी ते चिचगडपर्यंत लांबलं होतं. लोटा भरून आणला. सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेला. माझ्या भावानं आयुष्यात स्वतःलाही कधी पाणी घेतलं नव्हतं. वहिनीसमोर उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“पानी घ्या जी,” तो म्हणाला.

पाळीवर बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. बाबा चटईवर पाठमोरे झाले. वहिनीनं लोटा घेतला, वरून तोंडात धार धरली, एक घोट घेतला. पाणी थोडं तिच्या गळ्यावरून ओघळलं. तिनं ते पुसलं नाही. माईक तोंडाजवळ घेतला. म्हातारी पुन्हा कुजबुजली, “उखाना घे वं आता तरी.”

वहिनीनं उखाणा घेतला नाही. “पाणी देणारे खेळाडू,” ती म्हणाली, “नऊ नंबर, पतिरामजी. आजच्या सामन्यातला आमचा गोलही त्यांचाच होता.”

एवढंच. पण ते नाव भोंग्यातून निघालं, पाण्यावरून गेलं, समोरच्या पाळीवर आपटून परत आलं. पतिरामजी. दादानं मान खाली घातली होती ती उचलली. त्याचं तोंड कसं दिसत होतं ते मला सांगता येणार नाही, आणि मला सांगता येत नाही असं फार थोडं आहे.

फ्री किक वहिनीच्या भावानं घेतली. गोल झाला. आम्ही हरलो. बोकड चिचगडला गेला, जाताना त्यानं एकदा मागे पाहिलं असं आमचा कॅप्टन अजून सांगतो.

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचाच आवाज होता. बाबा जेवले आणि बाहेर जाऊन बसले. गावात वहिनीबद्दल जे बोलणं झालं ते मी इथं लिहीत नाही, त्यात एकही जी नव्हता. भैयानं जाताना तिला विचारलं होतं, “भाभीजी, वो पानी वाला हिस्सा काट दूँ? घर का मामला है.” वहिनी म्हणाली होती, “काटू नका जी. ते काटलं तं मंग माहं बोलनं कायले ठेवता?”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या ओसरीवर टीव्ही मांडला. निम्मं गाव अंगणात, मोहाच्या ढिगांना वळसे घालून बसलेलं. पडद्यावर आमचा तलाव आला. आपलंच गाव टीव्हीत पाहिलं की ते थोडं निळं दिसतं आणि आपण सगळे जरा बुटके दिसतो. पण आवाज. आवाज तसाच होता, धुतलेल्या तांदळासारखा. लोक स्वतःचं नाव ऐकायला आले होते, हळूहळू ते विसरले आणि नुसतं ऐकायला लागले. पाण्याचा भाग आला. अंगण थांबलं. लोट्याच्या काठावरचं पाणी हलताना दिसलं, कॅमेऱ्यानं ते जवळून घेतलं होतं. मैदानावर पाठमोरे झालेले आमचे बाबा आता मात्र पडद्याकडे पाहत होते. वहिनी दाराआड उभी होती, टीव्हीतल्या वहिनीनं नाव घेतलं तेव्हा दाराआडच्या वहिनीनं डोळे मिटले.

जाहिरात लागली. बाबांनी हातातली तंबाखू न खाता झटकून टाकली. मग दाराकडे वळून, हवेत नाही, सरळ तिच्याकडे पाहून विचारलं, “गोंदियाची गाडी किती वाजताची बरी पडन जी, सुनबाई?”

दादा म्हणाला, “मी सोडत जाईन फाट्यापर्यंत.” आणि थोडं थांबून, “जी.” ते कोणाला म्हणाला हे त्यानं आजवर सांगितलेलं नाही.

वहिनीनं किती वर्षं बातम्या वाचल्या, त्या बातम्यांनी किती लग्नं जमली आणि किती मोडली, हे सांगायला बसलो तर तेंदूपत्ता सुरू होईल. भैयाची केबल आता गेली. भोंगा गेला, सदारामजी गेले. राजाची भूमिका करून आले, मेकअप उतरवायला बसले आणि तसेच गेले. त्यांची नात शिटी वाजवते, खरीखुरी शिटी. रांजणाच्या जागी पाण्याचे कॅन आहेत. परवा मी पाळीवर उभा होतो तेव्हा मुलींची मॅच चालली होती आणि त्यातली एक दुसरीला आडवी पाडून विचारत होती, “लागलं का जी?”

आणि मेजाशी वहिनी. केस पांढरे, आवाज तोच. मोबाइल तिपाईवर लावून मॅच लाइव्ह चाललेली. आमचं निम्मं गाव आता हैदराबादला, सुरतेला, नागपूरला. ते तिथून बघतात आणि खाली लिहितात, वहिनी ते मध्येच वाचून दाखवते. सगळे जी लावून लिहितात, न लिहून सांगतात कोणाला. दादा तिच्या शेजारी बसून शेंगा सोलून तिच्यासमोर ठेवत होता.

तेवढ्यात हैदराबादच्या कोणीतरी लिहिलं, “काय झोपून खेळून राहिल्या बे.”

वहिनी थांबली. “बिनजीचा फाउल,” ती शांतपणे म्हणाली. सदारामजींच्या नातीनं खरंच शिटी वाजवली. बावीस मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि सगळी पाळ त्या एका मोबाइलकडे पाहायला लागली. हैदराबाद लांब आहे. पोरगा निघून गेला असता तर कोणी काय करणार होतं? मी म्हटलं, गेला.

मग अक्षरं उमटली. वहिनीनं चष्मा वर केला आणि एकेक शब्द वेगळा करून वाचलं, “चुकलं जी काकू. कामावर आहो. जिन्यात लपून पाहून राहिलो. गाव दिसलं तं तोंडातून निंघून गेलं.”

मुली अजून थांबलेल्याच होत्या. वहिनीनं माईक तोंडाजवळ घेतला.

“मंजूर,” ती म्हणाली. “जेवले का जी?”